म्हणे, आठ तासांत जखम बरी!

दिवाळी अंकात काय लिहावे याचे काही संकेत आहेत, आणि जखम हा विषय त्या संकेतांत बसत नाही हे मला ठाऊक आहे. एका हातात चकली आणि मांडीवर अंक अशा थाटात बसलेल्या वाचकापुढे टाके, पू आणि प्लास्टर यांची कथा मांडणे बरे नव्हे. परंतु चौतीस वर्षे मी मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका होते; त्यांतली वीस शस्त्रक्रियेच्या आणि हाडांच्या वॉर्डांत गेली. आणि गेल्या हिवाळ्यात ज्या विषयावरून माझे माझ्या नातवाशी, जावयाशी आणि नातवाच्या पाच मित्रमैत्रिणींशी कडाक्याचे भांडण झाले, तो विषय जखमेचाच आहे. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. चकली खुशाल खावी. रक्त फार सांडणार नाही.

भांडण झाले ते एका खेळावरून. माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एडिसन या गावी राहते. तिच्या घराच्या तळघरात दर शनिवारी संध्याकाळी माझा सोळा वर्षांचा नातू आणि त्याची मित्रमंडळी एका लांब टेबलाभोवती बसतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचला आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा येथून तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात पट नसला तरी चालतो. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी मंत्राने जखमा बऱ्या करणारा पुरोहित. ‘मी दार फोडतो’, ‘मी राक्षसावर वार करतो’ असे ज्याने त्याने सांगायचे आणि वार लागला की हुकला हे फाशांनी ठरवायचे. फासेही नाना तऱ्हांचे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे.

प्रथमच सांगून टाकते, खेळाशी माझे वैर नाही. सहा मुले चार चार तास फोनला हात न लावता एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, हे दृश्य मला तिथे दुसरीकडे कुठे दिसले नाही. माझे वैर आहे ते त्या खेळातल्या एका कलमाशी.

जानेवारीत घराच्या पायरीवरच्या बर्फावरून माझा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. माझ्या वयाच्या बायकांचे हे अगदी ठरलेले हाड. पडताना हात टेकायचा आणि मनगट द्यायचे. सहा आठवड्यांचे प्लास्टर आले. हात गळ्यात बांधून वर एकटी बसण्याऐवजी मी शनिवारी तळघरात जाऊन बसले. त्या संध्याकाळी एका अगडबंब राक्षसाने माझ्या नातवाच्या योद्ध्याला सोट्याने बडवून काढले. योद्ध्याचे ‘हिट पॉइंट’ चव्वेचाळीस होते. मुले त्यांना ‘एचपी’ म्हणतात. मी आपले ‘प्राणांक’ म्हणते. चव्वेचाळीसाचे तेवीस झाले, तेविसाचे सहा झाले, सहाचे शून्य. योद्धा कोसळला. मी वॉर्डातल्या सवयीने खुर्चीतून अर्धी उठले. इतक्यात पुरोहित झालेल्या मुलीने एक मंत्र उच्चारला, फासा टाकला, आणि योद्धा उठून पुन्हा तलवार चालवू लागला! लढाई संपल्यावर मंडळींनी ‘लाँग रेस्ट’ घेतली, म्हणजे खेळातले आठ तास विश्रांती. सकाळी योद्धा पुन्हा चव्वेचाळीस.

‘‘अरे, पण त्याचं कोणतं हाड मोडलं होतं?’’ मी विचारले.

‘‘आजी, हाड वगैरे नसतं गं. एचपी असतात.’’

मी हसले, हसताना मनगटातून कळ गेली. भांडणाचा आरंभ तिथे झाला.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडते, कारण ते मांडल्याशिवाय खोडणे हे सभ्यपणाचे नाही. पहिला आक्षेप माझ्या नातवाचा आणि तो सर्वांत सोपा. ज्या खेळात अजगराएवढे सरडे आग ओकत आकाशातून उडतात, तिथे जखमेच्या खरेपणाची चौकशी कशाला? उत्तर त्याच्याच वहीत होते. त्याच्या पात्राच्या भात्यात वीस बाण आहेत आणि सुटलेला प्रत्येक बाण तो खोडतो. त्याची मशाल एक तास जळते, मिनिटभर अधिक नाही. पन्नास फूट दोराचे वजन दहा पौंड, तेसुद्धा पाठीवरच्या ओझ्यात धरलेले! ज्यांना मशालीचा तास मोजता येतो त्यांना जखमेचा महिना मोजता येत नाही असे नव्हे. त्यांना तो मोजावासा वाटत नाही, ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझे भांडण त्या न वाटण्याशी आहे. ड्रॅगन हे सर्वांनी मिळून कबूल केलेले खोटे आहे. त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस मात्र माणूसच समजायचा असतो, नाहीतर भीती वाटणार कशाची?

दुसरा आक्षेप खुद्द गायगॅक्स यांचा. १९७९ साली निघालेल्या डंजन मास्टरसाठीच्या ग्रंथात त्यांनी खुलासा केला आहे की प्राणांक म्हणजे केवळ शरीराची सहनशक्ती नव्हे. त्यांत कौशल्य, दैव, देवाची कृपा असे बरेच काही आले. म्हणजे चव्वेचाळीसाचे सहा झाले याचा अर्थ योद्ध्याला अडतीस अंकांच्या जखमा झाल्या असा नाही, तो दमला, त्याचे नशीब ओसरले. युक्तिवाद हुशारीचा आहे. पण मग त्या मंत्राचे नाव ‘क्युअर वून्ड्स’, म्हणजे जखमा बऱ्या करणे, असे का? दमलेल्या माणसाला सरबत पुरे. आणि प्राणांक म्हणजे दमणूक असेल तर या खेळात जखम आहेच कुठे? एक प्राणांक उरलेला योद्धा चव्वेचाळीसवाल्याइतकाच जोराने तलवार फिरवतो. शून्य झाला की धाडकन पडतो. धडधाकट आणि मरणासन्न या दोन स्थानकांच्या मध्ये गाडी थांबतच नाही. माझी सगळी नोकरी त्या मधल्या स्थानकांवर झाली, म्हणून मला हे टोचते.

हे प्राणांक आले कुठून याचा इतिहास मोठा मजेचा आहे. आर्नेसन यांनी त्याआधी पोलादी चिलखताच्या युद्धनौकांच्या लढायांचे नियम केले होते. जहाजाला किती तोफगोळे सोसतात याचा हिशेब त्यात होता. पुढे माणसांचा खेळ सुरू झाला तेव्हा एका फटक्यात माणूस मरू लागला. खेळणाऱ्यांचा आपापल्या पात्रावर जीव जडलेला. तेव्हा जहाजाचा हिशेब माणसाला लावण्यात आला. मला हे समजल्यावर कितीतरी कोडी उलगडली. जहाज कण्हत नाही. जहाजाला रात्री दोन वाजता पाणी लागत नाही, त्याची पाठ सोलवटत नाही. पण मी जावईबापूंना म्हटले, जहाजसुद्धा फुटल्यावर गोदीत महिनोन् महिने पडून राहते. तुमचे वीर जहाजाहूनही स्वस्त झाले!

गायगॅक्स यांना एका बाबतीत मात्र मी मान देते. १९७९ च्या त्या ग्रंथात जखमी पात्राला दिवसभराच्या पूर्ण विश्रांतीने एक प्राणांक मिळे, आणि कितीही घायाळ असला तरी चार आठवडे पडून राहिला की तो पूर्ववत होई. शून्यावर जाऊन परत आलेल्याला निदान आठवडाभर अंथरूण सुटत नसे. चार आठवडे! यात शास्त्र नसेल, पण शरम होती. पुढे २००० साली तिसरी आवृत्ती आली, तिच्यात पात्राच्या पातळीइतके प्राणांक रात्रीच्या झोपेत मिळू लागले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सहा तासांत सगळे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आठ तासांत सगळे, आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकातही तेच. चार आठवड्यांची एक रात्र व्हायला तीस वर्षेही लागली नाहीत. माझ्या माहितीत दुसऱ्या कोणत्याही वैद्यकाने इतकी प्रगती केलेली नाही.

येथपर्यंत वाचून वाचकांना वाटेल की मी जावयाच्या बाजूची. कारण जावईबापू वास्तववादी! अमेरिकेत शिकायला गेले तेव्हापासून ते असले खेळ खेळत आले आहेत, आणि मुलांच्या एका रात्रीत बरे होण्याला तेही नाके मुरडतात. ‘‘आई, तुम्ही बरोबर बोलताय,’’ असे म्हणून त्यांनी कपाटातून जुनी पुस्तके काढली. ‘रूनक्वेस्ट’, १९७८ सालचे. त्याचे एक कर्ते स्टीव्ह पेरिन हे स्वतः मध्ययुगीन पद्धतीच्या लुटुपुटूच्या लढाया खेळत. त्यात फासा टाकून वार डोक्याला लागला, हाताला लागला की पोटाला, हे ठरते. ‘रोलमास्टर’चे ‘आर्म्स लॉ’, १९८० सालचे. त्यात प्रत्येक शस्त्राचा वेगळा तक्ता आणि कोणते हाड कसे फुटले, कोणती शीर कशी तुटली याचे आणखी तक्ते. २०१४ च्या आवृत्तीतसुद्धा, ज्यांना हवे त्यांच्यासाठी, वीस बाजूंच्या फाशाचा एक तक्ता आहे. एक पडला की डोळा गेला, दोन पडले की हात, तीन पडले की पाय.

मी चष्मा लावून हे सगळे वाचले आणि तळघरातल्या मुलांपेक्षा जावईबापूंवर अधिक चिडले. मुले निदान अजाण आहेत. या वास्तववाद्यांना तलवार खरी हवी, पण खाट नको. जखम होण्याच्या त्या एका क्षणावर शेकडो ओळी. हाड कसे कचकन मोडले याचे वर्णन चवीने वाचावे असे. मोडल्यानंतरच्या सहा आठवड्यांना एक ओळ! आमच्याकडे अपघात झाला की रस्त्यावर गर्दी जमते. ती गर्दी चांगली पाचदहा मिनिटे उभी असते, रक्त पाहते, हळहळते. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात त्यांतला कोणी नसतो. जावईबापूंचे तक्ते त्या गर्दीसाठी लिहिलेले आहेत. ती रस्त्याची वास्तवता आहे, वॉर्डाची नव्हे. (हे मी त्यांना तोंडावर सांगितले. ते हसले आणि चहा करायला वर गेले. जावई चांगला आहे.)

खरे बरे होणे कसे असते? मध्ययुगातलेच उदाहरण देते, म्हणजे ‘ते आधुनिक झाले’ असे कुणी म्हणायला नको. १४०३ साली इंग्लंडात श्रूसबरीच्या लढाईत राजपुत्र हेन्री याच्या चेहऱ्यात, नाकाच्या बाजूला, बाण घुसला. वय वर्षे सोळा, माझ्या नातवाएवढा. काडी निघाली, पण बाणाचे टोक कवटीच्या मागच्या हाडापाशी, सुमारे सहा इंच खोल अडकून राहिले. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यवैद्याने ते काढले आणि कसे काढले ते लिहून ठेवले. आधी त्याने जखमेत गुलाबमधात भिजवलेल्या, तागाच्या कापडात गुंडाळलेल्या सळया घातल्या, क्रमाक्रमाने जाड, म्हणजे वाट रुंद व्हावी. मग स्वतः बनवलेल्या स्क्रूच्या चिमट्याने टोक धरून हालवत हालवत बाहेर काढले. जखम पांढऱ्या द्राक्षमद्याने धुतली. मध आणि टर्पेंटाइन घातलेल्या मलमाच्या वाती भरल्या आणि दर दोन दिवसांनी त्या आखूड करीत आणल्या, कारण जखम आतून भरत यावी लागते. वरून मिटली तर आत पू साचतो. आचके येतील या भीतीने त्याच्या मानेला मलम चोळले. वीस दिवसांत जखम स्वच्छ झाली. हाच मुलगा पुढे राजा झाला आणि १४१५ साली त्याने अझिनकोर्टची लढाई जिंकली.

आता सांगा, बाण लागला ही गोष्ट मोठी की हे वीस दिवस? बाण एका क्षणात लागतो. वातीच्या प्रत्येक बदलाच्या वेळी त्या मुलाने काय सोसले असेल, कोणी त्याचे डोके धरले असेल, रात्री कोण जागले असेल! तळघरात ही हकिकत सांगितली तेव्हा मुले पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती. डंजन मास्टर झालेल्या मुलीने सळया किती जाड होत्या तेसुद्धा विचारले.

आणि एवढे होऊनही जखम ‘पूर्ववत’ होत नाही, ही गोष्ट नियमकर्त्यांनी कुठल्याही ड्रेसर-बाईला विचारली असती तरी समजली असती. टाके काढले म्हणजे कातडे पहिल्यासारखे झाले असे नव्हे. तीन महिन्यांनी व्रणाची बळकटी मूळ कातड्याच्या सुमारे ऐंशी टक्के होते आणि तिथेच थांबते. उरलेले वीस टक्के कधीच परत येत नाहीत.

‘‘पण आजी, सहा आठवडे खाटेवर पडून राहायचं? खेळायचं काय मग?’’ हा तिसरा आक्षेप, आणि मुलांना तो बिनतोड वाटत होता. सहा आठवडे पडून राहायला सांगतो कोण? ‘सहा आठवडे गेले’ हे म्हणायला किती वेळ लागतो? शहरापासून डोंगरापर्यंतचा वीस दिवसांचा प्रवास ही मुले एका वाक्यात करतात. मग तीन वाक्यांचे आजारपण का जड? हे होऊ शकते याला पुरावा आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ सालच्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात राजा आर्थरचे सरदार वर्षाला साधारण एक साहस करतात आणि हिवाळ्यात घरी येतात. जखमा भरतात त्या आठवड्याच्या हिशेबाने. ‘हार्नमास्टर’ हा १९८६ सालचा खेळ तर प्राणांक मानतच नाही. त्यात प्रत्येक जखम वेगळी मांडायची, प्रत्येक आपल्या गतीने भरते, आणि चिघळूही शकते. ज्याने हा नियम केला त्याने कुणाची तरी ड्रेसिंगची वेळ पाहिलेली असावी.

आजारपणात काही घडत नाही ही समजूत तर आपल्याकडे कुणी बोलू नये. भीष्म शरपंजरी अठ्ठावन्न रात्री पडून होता. महाभारतातले सर्वांत मोठे पर्व, शांतिपर्व, त्या जखमी माणसाच्या उशाशी घडते. सारे पांडव त्याच्याभोवती बसले आणि राज्य कसे करावे ते त्याच्याकडून ऐकले. संजीवनीचा दाखला मला मुलीने दिला, की आपल्याकडेही लक्ष्मण एका रात्रीत उठलाच ना! उठला; पण त्यासाठी डोंगर उचलून आणावा लागला, आणि ती गोष्ट आपण अजून सांगतो ती त्या उचलण्यामुळे. दर शनिवारी द्रोणागिरी आणला तर मारुतीला कोण विचारील? आणि त्याच आपल्या गोष्टींत कपाळावरच्या भळभळत्या जखमेला तेल मागत हिंडणारा अश्वत्थामाही आहे. लहानपणी मला युद्धातल्या साऱ्या वीरांपेक्षा त्याची भीती अधिक वाटे, कारण तो मेला नव्हता.

माझा खरा मुद्दा आता येतो. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला तो उपस्थाता म्हणतो, म्हणजे जवळ उभा राहणारा. उपस्थात्याच्या अंगी चार गुण हवेत: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. आता हा खेळ पाहा. वैद्य आहे, मंत्र म्हणणारा. औषध आहे, पन्नास सुवर्णमुद्रांना कुपी मिळते, प्यायची आणि लढायला लागायचे. रोगी तर सगळेच. चौथा पाय नाही! पन्नास वर्षांत या खेळाची इतकी पुस्तके झाली. भुतांचे प्रकार आहेत, तलवारींचे प्रकार आहेत, पण कुशीवर वळवणारा, भांडे देणारा, कपाळावर हात ठेवून ताप पाहणारा असा पात्राचा प्रकार कोणी केला नाही. तीन पायांच्या त्या खाटेवर सगळे वीर निजतात. मला वाटते, नियम करणाऱ्यांच्या घरी ते काम कोणीतरी न बोलता करीत होते, म्हणून त्यांना ते काम वाटलेच नाही.

हे मी कोणाला लावून बोलते आहे? मलाही. वॉर्डात एकोणीस वर्षांचा एक हमाल मुलगा होता. मांडीचे हाड मोडलेले. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पायाला वजन लावून बारा आठवडे पाठीवर. पहिल्या आठवड्यात भाऊ रोज डबा घेऊन येई. पाचव्या आठवड्यात फक्त रविवारी. आठव्या आठवड्यात तो मुलगा दाराकडे बघायचा थांबला होता. शेजारच्या खाटेवरचे एक म्हातारे गृहस्थ त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवीत. दुखण्याला तो कधी रडला नाही. वजन काढले आणि काठीसारखा झालेला आपला पाय त्याला दिसला, तेव्हा रडला. त्याच्या भावाविषयी मी घरी येऊन तावातावाने बोलले होते. आणि पुढे माझ्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा, दिवसभर वॉर्डात गोड बोलून आलेल्या मीच चौथ्या आठवड्यात त्यांना विचारले, ‘‘अजून काठीशिवाय चालवत नाही का?’’ त्यानंतर रात्री पाण्यासाठी त्यांनी मला हाक मारली नाही. भिंतीला धरून स्वतःच उठत. मी जागी असे, पण उठत नसे.

गेल्या फेब्रुवारीत एडिसनला माझी मुलगी माझी वेणी घालीत होती. कामाला जायची घाई. पहिल्या आठवड्यात तिने फार मायेने घातली होती. त्या दिवशी म्हणाली, ‘‘आई, अजून दुखतंच का गं?’’ तिचा काही दोष नाही. तिने मला दोन महिने लहान मुलासारखे सांभाळले. पण चौथा आठवडा होता. मी मनातल्या मनात मोजले.

म्हणून मी तळघरात हट्ट धरला. नुसते बोलून भागणार नाही असे दिसल्यावर डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात, नियम लिहून दिला. तो असा: मंत्राने रक्त थांबेल, माणूस शुद्धीवर येईल, पण जो शून्यावर गेला त्याला एक जखम राहील, आणि ती जखम असेपर्यंत त्याने शस्त्र धरायचे नाही. ती भरायला सहा रात्री लागतील. प्रत्येक रात्री सोबत्यांपैकी एकाने स्वतःचे काम सोडून, पहारा असो की मंत्रांचा अभ्यास, त्याच्याजवळ बसायचे. कोणी बसले नाही तर ती रात्र मोजायची नाही. फासा टाकायचा नाही.

एक शनिवार मुलांनी तो पाळला, माझ्या प्लास्टरकडे बघून असेल. नातवाचाच योद्धा पुन्हा पडला. कोण बसणार? पुरोहित म्हणाली, माझे मंत्र राहतील. जादूगार म्हणाला, माझा अभ्यास. तिरंदाज पहाऱ्यावर. शेवटी चोर झालेला मुलगा, जो एरवी निम्मा वेळ चिप्स खात असतो, तो म्हणाला, मी बसतो. आणि बसल्यावर करायचे काय हे त्याला कळेना, तेव्हा तो योद्ध्याशी बोलू लागला. योद्धा म्हणजे माझा नातू. पाऊण तास दोघे बोलत होते. चोराचे गाव कुठले, चोरी का करायला लागला, योद्ध्याला घरी का जायचे नाही. यांतले काहीही त्यांच्या वह्यांत लिहिलेले नव्हते. इकडे सहा रात्री गेल्या, आणि ज्या खेड्याला वाचवायला मंडळी निघाली होती ते डंजन मास्टरने निम्मे जाळून टाकले. मग काय विचारता! नातू म्हणाला, ‘‘आजी, तू खेळ बिघडवलास.’’ जादूगार म्हणाला, अशाने कोणी लढायलाच जाणार नाही. मी म्हटले, जावे की, पण आधी विचार करून जावे. दोन दिवस नातू माझ्याशी धड बोलत नव्हता.

पुढच्या शनिवारी त्यांनी रीतसर मतदान घेतले. मला मत नव्हते, मी पाहुणी. पाच विरुद्ध एक मताने नियम रद्द झाला. ते एक मत चोराचे होते.

मनगट आता बरे आहे, म्हणजे ऐंशी टक्के. कणीक तिंबता येते; घट्ट झाकण उघडत नाही. येत्या एप्रिलमध्ये मी पुन्हा एडिसनला जाणार आहे. नियमात एक दुरुस्ती केली आहे: खेड्याचे काय होईल ते आधी सांगायचे, आणि राहायचे की निघायचे हे जखमी माणसाला वगळून बाकीच्यांनी ठरवायचे. या खेपेस तो उजव्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहून नेणार आहे, आणि मतही मागणार आहे.